बोडीची घागर

मातरगावच्या वेशीवर, राखेच्या पांढुरक्या माळाला लागून, एक लांब भिंत आहे. भाजलेल्या फरशांची. तिच्यावर बगळे आहेत, कमळे आहेत, गुडघाभर पाण्यात उभ्या बाया आहेत. पाहुणे कौतुकाने हात फिरवतात आणि मग बुडाशी असलेल्या कोनाड्याकडे बोट दाखवून विचारतात, हा कशासाठी? त्याची हकिकत अशी सांगतात.

आज माळ आहे तिथे पूर्वी कुंभारांची बोडी होती, म्हणजे तळे. गावच्या मडक्यांची काळी चिकण माती तिथलीच. पुढे विजेचा कारखाना आला आणि त्याच्या राखेला जागा हवी झाली. साहेबांनी बोडी मागितली. गाव बिचकले. मातीच्या बाबतीत सोमा कुंभाराचा शब्द शेवटचा, म्हणून सारे त्याच्याकडे गेले. सोमाने जन्मभर टोपलीभर मातीत मूठभर राख कालवली होती. तिच्यामुळे मडके भट्टीत तडकत नाही. तो म्हणाला, "येऊ द्या. राखेनं मातीले बळच येते."

राख आली ती नळाने, पाण्यात कालवून, वर्षानुवर्षे. आधी कमळे गेली, मग बगळे, मग पाणी. काठची माती चाकावर उभी राहीना. मुठीचे माप सोमाचे होते, कारखान्याचे नव्हते. तो समोरून आला की लोक नुसते बाजूला होत. ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागे.

बोडी पुरती बुजल्यावर कारखान्याला हौस सुचली. याच राखेची शोभेची भिंत करा, वर आमचे धुराडे काढा, मोर काढा. कुणी तयार होईना. सोमा तयार झाला. पण नुसत्या राखेची फरशी होत नाही, तिला धरून ठेवायला माती लागते. चांगली माती उरली होती ती सोमाच्याच परसात, ओल्या पोत्याखाली, एक ढीग. सून गयाबाई आडवी आली.

"मामाजी, ह्या मातीवर आपलं घर चालते. ज्यायनं बोडी गिळली, त्यायच्या भिंतीले देता?"

"त्यायले नाही देत," सोमा म्हणाला. "माह्या शब्दानं बोडी गेली. कशी होती, एवढं तरी राहू दे."

त्याने धुराडे काढले नाही, मोर काढला नाही. बोडी काढली. शेवटच्या गोळ्याची एक घागर घडवली आणि अखजीला, पितरांना पाणी देतात त्या दिवशी, ती भरून कोनाड्यात ठेवली. घरी येऊन चाक मोडले आणि चुलीत घातले. साहेबांना वाटले, वाटसरूंची सोय केली आहे. त्यांनी खूश होऊन वर पाटी ठोकली, 'निसर्गाच्या सेवेत'. पाटी अजून आहे, दर वर्षी रंगवतात.

आजही अखजीला मातरगावात आधी त्या कोनाड्यात पाणी ठेवतात, मग आपापल्या वाडवडिलांना. ते पाणी कुणी पीत नाही. घागर मात्र दर वर्षी परगावच्या बाजारातून विकत आणावी लागते.