बसून राहिलेला नायक

धोंडसेन राजाचा उपास तुळसाक्काची कहाणी संपल्याशिवाय सुटत नसे. एकदा त्यानं भर दरबारात हुकूम सोडला, "आजपासून कहाणीचा नायक मीच! त्याच्यावर एक जरी संकट आणलंस, तर राज्याबाहेर हाकलीन."

तुळसाक्का पाटावर ऐसपैस बसली. "एक होता धोंडसेन राजा. तो लोडाला टेकून बसला."

"मग?"

"बसलाय."

"अगं, पुढं?"

"पुढं काय नि मागं काय, बसलाय बापडा. संकटच नाही, तर उठेल कशाला?"

पुरणपोळ्या गार झाल्या. राजा कळवळला, "वाघ आण, राक्षस आण, पण कहाणी संपव गं आक्का!"

"वाघ कशाला, महाराज? नायकाला कडकडून भूक लागलीय. आता त्याचा धीर किती, तेवढं बघते आणि मगच संपवते."