बांगड्यांचा ताल

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. घरगुती स्टुडिओतल्या माइकचा आवाज फार बारीक. तो मोठा करणारा प्रीअँप त्याला आजच निवडायचा होता, कारण सुगंधामावशी जात्यावरची ओवी गायला बसल्या होत्या!

"मला घे, आवाज घासूनपुसून देतो," बटणांनी लगडलेला प्रीअँप म्हणाला.

मावशी जातं ओढत गायल्या, हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. ओवी स्वच्छ आली, पण निर्जीव.

"बांगड्या कुठे गेल्या?" माइकने विचारलं.

"ती किणकिण? कचरा! झाडून टाकला."

"अरे शहाण्या, ताल त्यांचाच होता की!"

माइकने शेजारच्या साध्या प्रीअँपला जोडून घेतलं.

"दादा, आवाजातून काय काय काढू?" साध्या प्रीअँपने विचारलं.

"काहीच नको, गड्या. आहे तेच मोठं कर!"

मावशींनी पुन्हा जात्याचा खुंटा धरला आणि माइक शहारला. जातं, बांगड्या, ओवी, सगळं घरभर घुमत होतं!