द्वारकेचे गुडघे

एका गावात धाकू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. अडचण तिथेच होती.

त्याची बायको द्वारका फुगडीला एक नंबर. गौरी आल्या की शेजारच्या सुलोचनाबरोबर तिची फुगडी ठरलेली. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. यंदा मात्र तिच्या गुडघ्यांत संधिवात शिरला. गावात गुडघ्यांपेक्षा सल्ले जास्त. कोणी लेप सांगे, कोणी तांब्याचं कडं. गौरी महिन्यावर आल्या होत्या.

वैद्यबुवांनी तेल दिलं आणि रोज गुडघ्यांना चोळायला सांगितलं. धाकूने घरी येऊन ते स्वतःच्या गुडघ्यांना चोळलं. आठ दिवसांत बाटली संपली.

द्वारका म्हणाली, "अहो, ज्याचे गुडघे दुखतात त्याला द्यायचं असतं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. धाकू वाटेत प्रत्येकाला विचारत आला, गुडघे दुखतात का? निम्म्या गावाचे दुखत होते. गुरवाचा बैल लंगडत होता, त्यालाही एक दिली. घरी रिकामं पाकीट आलं.

द्वारकेने कपाळाला हात लावला. औषध असं वाटत सुटायचं नसतं, घरी आणून पेटीत ठेवायचं आणि कुलूप लावायचं, असं तिने समजावलं.

पुढच्या खेपेला शेकायची रबरी पिशवी मिळाली. द्वारकेने ती गरम पाण्याने भरून आणायला सांगितली. धाकूने भरली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं. पिशवी गार झाली आणि गौरीसाठी काढलेलं लुगडं ओलं झालं.

"अहो, माझ्या गुडघ्यांचं काहीही असो, आधी चांगलं गरम करायचं आणि मग माझ्या हातात द्यायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

तालुक्याहून गुडघ्यांचा एक्स-रे आला. धाकूने तो चुलीवर धरला. त्याची पापडासारखी गुंडाळी झाली.

आता द्वारका रडकुंडीला आली. "अहो, ते डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. दाखवायचं, त्यांच्याकडे ठेवायचं आणि कागद घेऊन घरी यायचं. एवढंच."

"एवढंच ना? करतो."

एक्स-रे तर गेला. म्हणून गौरीच्या दिवशी सकाळीच धाकू द्वारकेला रिक्षात घालून घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी गुडघे तपासले आणि नीट समजावलं. ऑपरेशन हा एक मार्ग, पण त्याची घाई नाही. आधी तीन महिने व्यायाम करायचा, वजन उतरवायचं, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या. द्वारकेने विचार करून व्यायाम निवडला. मग हळूच विचारलं, "आणि आजची फुगडी?"

"यंदा गाणी म्हणा. पुढच्या वर्षी बघू."

द्वारकेने डोळे पुसले आणि ती व्यायाम शिकायला आतल्या खोलीत गेली. धाकूने केसपेपर उचलला आणि तो घरी आला.

दुपारी अंगणात बायका जमल्या. सुलोचना पदर खोचून उभी होती.

"भावजी, वहिनी कुठे?"

"डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांच्याकडेच ठेवली."

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"काळजी नको," धाकू म्हणाला. "कागद आणलाय. पेटीत घालून कुलूप लावलंय."

"अहो, पण मग माझ्याबरोबर फुगडी कोण घालणार?"

धाकूने धोतर वर खोचलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"मी. आठ दिवस तेल चोळलंय, उगाच नाही."