थोरलीचं बंद दार

डोंगर अजून समुद्राच्या तळाशी होता, तेव्हाची गोष्ट. रिकाम्या शिंपल्यांच्या राशीत एक धाकटी शिंपली नव्याने येऊन पडली. वरून चिखल साचत होता, भार वाढत होता. आपली नक्षी टिकेल का, एवढीच तिला काळजी.

"दार घट्ट लाव," शेजारची थोरली शिंपली म्हणाली. "आपल्यात चिखल घरात घेत नाहीत."

"पण जाऊबाई, पोकळ राहिलो तर चेपून जाऊ ना?"

"आल्या आल्या शिकवू नकोस."

धाकटी गप्प बसली. दार मात्र तिने किलकिलं ठेवलं, आणि चिखल आत गच्च भरला.

युगं लोटली. चिखलाचा दगड झाला, तळाचा डोंगर झाला. दगडात धाकटीची नक्षी अजून रेघ न् रेघ दिसते. तिच्याभोवतीचा पांढरा चुरा म्हणजे थोरली. तिने धाकटीला घट्ट धरून ठेवलंय, आणि धाकटी अजूनही काही बोललेली नाही.