मखमलीवरचा वस्तरा

पोलादाला वाचा होती त्या काळी सरदार रायाजीरावांनी काचेच्या कपाटात लाल मखमलीवर बावीस वस्तरे उघडून टांगले होते. मधोमध, मानाच्या जागी, हस्तिदंती मुठीचा वस्तरा होता. सिदोजी न्हावी रोज दाढी करायला आला, की हा हस्तिदंती त्याच्या धोकटीतल्या जुन्या वस्तऱ्याला हिणवी, "अरे, घासून घासून तुझे पाते काडीएवढे उरले! आम्हांला कुणी बोटही लावत नाही."

"म्हणूनच तुमची काळजी वाटते, महाराज," जुना म्हणे.

मुलाच्या लग्नादिवशी सरदार पाहुण्यांसमोर म्हणाले, "सिदोजी, आज हस्तिदंतीच चालव." सिदोजीने तो उतरवून उलटला. मखमलीत मुरलेल्या ओलीने पात्याची मागची बाजू गंजून खरबरीत झाली होती.

"सरकार, याने दाढी नव्हे, गाल उतरेल."

पाहुणे हसले. ओशाळलेल्या सरदारांनी जुन्याच वस्तऱ्याने दाढी करवून घेतली आणि हस्तिदंती, चकाकती बाजू पुढे करून, होता तिथेच टांगायला लावला.

कपाट बंद होताच तो शेजाऱ्यांना म्हणाला, "पाहिलेत? मानाची जागा अखेर माझीच!"

एकवीसही वस्तऱ्यांनी गंभीरपणे होकार दिला. पाठ प्रत्येकाचीच मखमलीला टेकलेली होती.