निवलेले

त्या रानात काटे फार होते. प्रत्येक प्राण्याच्या अंगात आयुष्यात एकदा तरी काटा खोल रुतायचाच. तो काढण्याचे काम करकोच्यांकडे होते. ते आधी एक पांढरे फूल हुंगायला देत आणि प्राणी झोपला की लांब चोचीने काटा ओढून काढत. फूल खरोखर गुणाचे होते. हजारो प्राणी त्याच्यामुळे किंकाळी न फोडता बरे झाले होते.

क्वचित एखादा उठत नसे. तो मेला, असे तिथे म्हणत नसत. 'निवला' म्हणत. करकोचे लगेच त्याच्यावर पानांचा ढीग रचत. निवलेल्याला कुणी शिवायचे नाही, त्याची शांती भंगते, असा रिवाज होता. मग करकोचे ओढ्यात चोची धूत आणि पुढच्याला बोलावत. ते पाणी खालच्या अंगाला सगळे पीत.

साळूबाई नावाची एक साळिंदर मुळे उकरत हिंडे. काही ढिगांखालचे गवत करपलेले असते, हे तिच्या ध्यानात आले. निवलेल्या अंगाखाली गवत का करपावे? ती विचारपूस करू लागली. तेव्हा दिसले, की असे सगळे ढीग एकाच भेकर कुळाचे आहेत. ती त्या घरी गेली. फुलाने इथे कुणी मेले का, असे तिने विचारले. कुणी नाही, म्हणाले.

"आजोबा?"

"ते निवले."

"आणि काका?"

"काकाही निवले. अगदी शांतपणे."

"पण मेलं कुणी नाही?"

"अहो बाई, सकाळी सकाळी काय हे अभद्र बोलणं!"

आपण शब्दच चुकीचा वापरला, हे कळायला साळूबाईला वर्ष लागले. मग ती थोरल्या करकोच्याकडे गेली. त्याने एका पायावर उभे राहून सगळे ऐकून घेतले. घरात कुणी मेले आहे का, हे आपण प्रत्येकाला न चुकता विचारतो आणि आजवर एकानेही हो म्हटलेले नाही, असे त्याने सांगितले. फूल न मानवणाऱ्यांसाठी एक कडू मूळही त्याच्याकडे होते. ते कुटायला अर्धा दिवस लागे. कुणी मागत नाही म्हणून ते कोपऱ्यात पडून होते, त्यावर बुरशी चढली होती.

त्या भेकर कुळाची एक सून होती, आंबुली. तिची मोठी लेक दोन वर्षांपूर्वी 'निवली' होती. तेव्हा आंबुलीने रिवाज मोडून पानांत तोंड खुपसले होते. आत लेकीचे अंग लाकडासारखे ताठ झाले होते, आणि आईचे ओठ पोळले होते. तिने सासूला सांगितले. सासू म्हणाली, दुःखात असे भास होतात. आणि धाकटीचे लग्न व्हायचे आहे, तेव्हा तोंड मिटून राहावे. आंबुली राहिली. पण तेव्हापासून करपलेल्या केसांचा आणि गोड फुलाचा एकत्र वास तिच्या नाकातून जाईना. त्या गोड बोलणाऱ्या घराची तिला किळस वाटे, आणि त्याहून जास्त स्वतःची.

मग धाकटीच्या पायात काटा रुतला. सगळे घर सोबत गेले. करकोच्याने नेहमीचा प्रश्न विचारला. कुणी नाही, असे सासूने सांगितले. करकोच्याने फूल पोरीच्या नाकाशी आणले.

"थांबा," आंबुली म्हणाली. "माझी मोठी मेली. निवली नाही, भाजून मेली. मी तोंड लावून पाहिलंय."

तिचा दीर धावऱ्या हसला. "वहिनी, निवलेल्यांना तरी सोडा. उद्या म्हणाल, आम्ही निखारे खाऊन जन्मलोय."

रांगेतले बाकीचे प्राणीही हसले. पण त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारला गेला होता. करकोच्याने फूल बाजूला ठेवले, मूळ मागवले आणि बुरशी पुसली. पोर अर्धा दिवस कण्हत पडली, मग झोपली. जाग आली तेव्हा तिने आधी पायाकडे पाहिले, मग आईकडे, आणि भूक लागली म्हणाली.

घरी त्या दोघींना जागा उरली नाही. कुळाला बट्टा लावला, असे सासूने रानभर सांगितले. मायलेकी ओढ्यापलीकडे साळूबाईच्या बिळाशेजारी राहू लागल्या.

त्या हिवाळ्यात धावऱ्याच्या मानेत काटा गेला. ऐकताच आंबुली ओढ्याकाठी धावली आणि मूळ मागा, मूळ मागा, म्हणून ओरडू लागली. तिचा आवाज करकोच्यांपर्यंत जाऊ नये म्हणून अलीकडच्या सगळ्या भेकरांनी एकदम भुंकायला सुरुवात केली. प्रश्न विचारला गेला तेव्हा धावऱ्याने स्वतःच मोठ्या ऐटीत उत्तर दिले.

"आमच्याकडे मरत नाही कुणी. सगळे निवतात."

थोड्या वेळाने करकोचे ओढ्यावर चोची धुवायला आले.

गवतावर हिम पडले होते. ढिगावरच्या ओल्या पानांतून वाफ निघत होती. नातलग काकडत भोवती जमले आणि एकेक पाऊल पुढे सरकू लागले. सासूने आपले आखडलेले पुढचे पाय ढिगाकडे लांब केले.

"किती शांतपणे निवला," ती म्हणाली. मग मागच्यांनाही ऊब मिळावी म्हणून ती जराशी बाजूला झाली.