पूल पडल्याची खबर

एका संगणकाच्या पेटीत एक प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड राहायचे. प्रोसेसर अकलेचा, पण एका वेळी चारच कामं करणारा. कार्डबाईला हजारो हात. चित्रं रंगवायची ती तिनंच.

दोघं मिळून एक खेळ चालवायचे. खेळात एक जासूद होता. दरीवरचा दगडी पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या गावाला ‘शत्रू आला, पळा’ एवढं सांगायचं, हे त्याचं काम. त्याचा शेवटचाच जीव उरला होता.

शत्रूनं तोफ डागली. पूल फुटला, चार हजार दगड उडाले. आता कुठला दगड कुठं आपटेल, हे गणित कुणी करायचं?

“मीच,” प्रोसेसर म्हणाला. “पडझड पहिल्यापासून माझ्याकडं.” आणि बसला एकेक दगड घेऊन. सगळा खेळ थिजला. जासूद एक पाय वर घेऊन उभा.

“अहो, पाय टेकू का नको? तेवढं सांगा!”

“थांब रे, बाविसावा दगड चाललाय.”

कार्डबाई फिदीफिदी हसली. “असं चाललं तर शत्रूची नातवंडं येतील. द्या इकडं!”

तिनं काम ओढूनच घेतलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत चार हजार दगड दरीत. वर धुरळा, ठिणग्या, सगळं कसं देखणं.

पण जासुदाचे पाय हलवायचे ते प्रोसेसरनं. आणि सगळा पूल गेला हे ठाऊक फक्त बाईला. धुरळ्यात जासुदाला काही दिसेना.

“प्रोसेसरराव, पुढं पूल आहे का?”

“काम तिनं नेलंय, निरोप तिनं आणून द्यावा. मी थोरला. मी का विचारायला जाऊ?”

“बाई, तुम्ही तरी सांगा!”

“बोलावणं नसताना? मी काय वाटेवर पडलेय? त्यांनी यावं, रीतसर विचारावं.”

“अहो, पलीकडं पोरंबाळं आहेत! मानपान उद्या करा!”

प्रोसेसरचं नाक आणखी वर गेलं. “विचारायचं कशाला? माझ्याकडच्या नोंदीत बावीसच दगड पडलेत, बाकी पूल धडधाकट आहे. पळ!”

जासूद पळाला. चौथ्या पावलाला खाली गेला.

पलीकडच्या गावात बायका भाकरी थापत होत्या. कुणी सांगितलंच नाही, त्या थापत राहिल्या. शत्रू दरीतल्या वाटेनं वर चढला. पुढचं काय सांगायचं!

पेटीत दोघं अजून भांडतात. तो म्हणतो, दगडांचं काम माझंच होतं. ती म्हणते, पण धुरळा काय झकास उडाला! जासुदाचा विषय दोघांच्याही तोंडी नाही.

तात्पर्य पाहिजेच असेल तर घ्या: धुरळा खुशाल हजार हातांनी उडवा. पण ज्यावर दुसऱ्याचा पाय पडणार आहे, ते मोडलं तर आपल्या पायानं जाऊन सांगा. मानासाठी अडून बसणारे कधी पडत नाहीत. पडतो तो त्यांच्या भरवशावर पळणारा.